चोवीस उंदरांचं पथ्य

१२ नोव्हेंबर, मंगळवार. आभाळ भरून आलेलं, पाऊस नाही. बाळ पावणेसातला गेला, थर्मास घेऊन. शेजारच्या वहिनींनी कुकरची रिंग परत केली. पडदे धुतले, दुपारपर्यंत वाळले नाहीत. बाटल्या धुवायचा लांब दांड्याचा ब्रश सापडत नाही. दूध रोजच्याइतकंच घेतलं, एक लिटर. संध्याकाळच्या चहाला उरलं नाही. आज सलग आठवा दिवस.

एवढं लिहून ताईंनी पेनाला टोपण लावलं. आधी तारीख, मग वार, मग हवा आणि मग घडलं तेवढंच. मत लिहायचं नाही, असं कॉन्व्हेंटमधल्या सिस्टरांनी त्यांना दहाव्या वर्षी शिकवलं होतं. त्याला पंचावन्न वर्षं होऊन गेली तरी ताईंनी तो नेम मोडला नव्हता. मत असलंच तर त्या मनात ठेवत. गेले आठ दिवस मात्र ते मनात मावत नव्हतं. घरात माणसं दोन, मांजर नाही, पाहुणा नाही, आणि रोज अर्धा लिटर दूध जातं कुठे?

दोन माणसांपैकी एक त्या स्वतः. दुसरा त्यांचा धाकटा भाऊ, ज्याला त्या साठाव्या वर्षीही बाळ म्हणत. यजमान गेल्यावर ताई भावाकडे राहायला आल्या, त्याला नऊ वर्षं झाली. बाळचं लग्न झालेलं नव्हतं. का झालं नाही, याचं ताईंचं उत्तर ठरलेलं होतं. मुलगी पाहायला गेला, तिथे चहा पिता पिता हा माणूस जंत आतड्यात कसा चिकटून बसतो ते बोटांनी करून दाखवू लागला. मुलीच्या आईने त्याच्यासमोरची बिस्किटांची बशी उचलून आत नेली आणि ती काही परत आली नाही.

रोगांवर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत बाळ प्राणिगृह सांभाळत असे. मुख्य इमारतीच्या मागे एक बैठं, लांबट बांधकाम. आत जाताना एकामागे एक दोन दारं, आणि दोन्हींच्या मध्ये जंतुनाशकाचं पाणी भरलेला उथळ हौद. त्यात बूट बुडवल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचं नाही. एकदा बाहेरगावचे कोणी बडे पाहुणे नव्या कोऱ्या बुटांत आले आणि हौदाशी अडखळले. बाळने त्यांना तिथूनच नमस्कार करून परत पाठवलं. त्या दिवसापासून संस्थेत त्याचा दरारा वाढला. तोंडावर सगळे त्याला मामा म्हणत, पाठीमागे उंदीरमामा. आणि दोन्ही नावं त्याला ठाऊक होती.

कुठल्या प्राण्याला माणसाचा कुठला रोग जडतो, हे मामाला तोंडपाठ होतं. गिनिपिगला क्षयाचे जंतू जरासे पुरतात. हॅमस्टरला काळा आजार जडला की माणसासारखीच त्याची पानथरी, म्हणजे प्लीहा, सुजते. माणसाचा हिवताप उंदराला होत नाही, पण उंदरांचा स्वतःचा एक हिवताप आहे, त्याचा परजीवी जंतू रक्तात तसाच वाढतो. म्हणून नवं औषध आधी त्यांच्यावर करून बघतात. हे सगळं तो जेवताना सांगू लागे. शेवटी ताईंनी नियम घातला: जंतांचा विषय हात धुतल्यावर. तेव्हापासून मामाचं जेवण दहा मिनिटांत उरकू लागलं.

त्याचा खरा जीव होता तो रजिस्टरावर. जाड पुठ्ठ्याचं, आडव्या रेघांचं. तारीख, खोली, पिंजरा, तापमान, भुसा बदलला का, पाणी, खाणं, शेरा. एकतीस वर्षांत त्यात एक खाडाखोड नव्हती. मोठे साहेब, म्हणजे संस्थेचे संचालक, पाहुण्यांना हौसेने ते उघडून दाखवत. मामा महिनाअखेरीस निवृत्त होणार होता. निरोपाच्या भाषणात साहेब रजिस्टर हातात धरून बोलणार आहेत, अशी कुणकुण त्याच्या कानावर आली होती. दाढी करताना तो आरशासमोर विनयाने हसून बघायचा. ताईंनी ते दोनदा पाहिलं आणि दोन्ही वेळा मुकाट्याने पुढे गेल्या.

असा हा माणूस, आणि दुधाच्या वाऱ्याला उभा राहत नसे. चहासुद्धा कोरा घ्यायचा. त्यामुळे ताईंनी एकदा सरळच विचारलं, तेव्हा तो म्हणाला की या वयात हाडं ठिसूळ होतात, म्हणून तो हल्ली कामावर दूध पितो. हे बोलताना त्याचे कान लाल झाले. खोटं बोलताना त्याचे कान सहाव्या वर्षीही असेच लाल व्हायचे.

शेजारच्या वहिनींचं म्हणणं पडलं की भावजींनी तिकडे मांजर पाळलं असणार. हे ताईंच्या डोक्यातून जाईना. उंदरांच्या रखवालदाराने मांजराला दूध घालायचं, म्हणजे एकतीस वर्षांच्या नोकरीवर बोळा फिरवायचा. दोन दिवस त्या भावाच्या शर्टाच्या बाह्यांवर मांजराचे केस दिसतात का ते बघत होत्या.

इकडे जेवणानंतरच्या गप्पांत मात्र नवीनच प्रकरण येऊ लागलं होतं. एक तरुण संशोधक बाई तीन वर्षं हिवतापाच्या एका औषधावर काम करत होती. मामा तिला छोट्या बाई म्हणे. तिने चोवीस उंदरांना सुईने हिवतापाचा परजीवी टोचला होता. बारांना औषध, बारांना नुसतं पाणी. पाणीवाले आजारी पडणार आणि औषधवाले बचावणार, मग औषधाचा गुण कळणार, असा साधा हिशेब. पण पाणीवाले आजारी पडायलाच तयार नव्हते. मामा हसून सांगायचा की उंदीर असे तुकतुकीत झालेत की लोक मुद्दाम बघायला येतात. चौदा नंबर तर हातावर चढून मनगटाला शेपटी गुंडाळतो. मोठे साहेबही येऊन गेले. पिंजऱ्यांसमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, हे आजारी आहेत की माहेरपणाला आलेत?

पुढच्या दोन-तीन दिवसांत मामाचं हसू कमी झालं. छोट्या बाई जेवणाच्या सुट्टीतही सूक्ष्मदर्शकावरून डोकं काढत नाहीत, एवढंच तो बोलला.

रविवारी, सतरा तारखेला, दुपारी चारला दाराची घंटा वाजली. बाहेर छोट्या बाई उभ्या, हातात कागदांची फाइल, बोटांची टोकं जांभळी. रक्ताच्या काचपट्ट्या रंगवायचा तो रंग. साबणाने जात नाही. मामा घरी नव्हता. रविवार असूनही तो थर्मास घेऊन प्राणिगृहात गेला होता. एका कागदावर त्याची सही हवी होती. ताईंनी तिला स्वयंपाकघरात बसवलं आणि कोरा चहा दिला. दूध नाही म्हणून ओशाळून दोनदा माफी मागितली.

"कसला गं कागद?" त्यांनी विचारलं.

त्या चोवीस उंदरांची यादी होती. उद्या अकरा वाजता साहेबांनी बैठक बोलावली होती. बैठकीनंतर उंदरांना कायमचं झोपवायचं आणि काम बंद करायचं, असं जवळजवळ ठरलं होतं. संस्थेने वीस वर्षं गोठवून जपलेला परजीवी तिच्या हातून मेला, गोठवलेला वितळवताना तिचीच काहीतरी चूक झाली, असं साहेबांचं मत होतं. मुलगी हे सगळं चहाच्या कपाकडे बघत सांगत होती. "मी सगळं बरोबर केलं होतं हो, ताई," ती म्हणाली. "पण आता माझाच माझ्यावर विश्वास राहिला नाही. तीन वर्षं केलं ते चुकीचंच केलं असेल असं वाटायला लागलंय."

"टोचलंस कधी?"

"चार तारखेला. सोमवारी."

ताई उठल्या. आतल्या खोलीत जाऊन रोजनिशीची पानं मागे उलटली. ५ नोव्हेंबर, मंगळवार: संध्याकाळच्या चहाला दूध उरलं नाही. त्याच्या आधी एकही तसा दिवस नव्हता. त्यांनी वही मिटली आणि थोडा वेळ पलंगाच्या काठावर तशाच बसून राहिल्या. मांजर त्यांच्या डोक्यातून गेलं आणि त्याच्या जागी त्याहून वाईट काहीतरी आलं.

मुलीला त्यांनी काही सांगितलं नाही. जे सांगायचं ते ज्याचं त्याने सांगावं. सहीचा कागद ठेवून घेतला, तिला फाटकापर्यंत सोडलं आणि खुर्ची दाराकडे तोंड करून मांडली.

मामा सहाला आला. एका हातात रिकामा थर्मास, पिशवीतून डोकावणारा लांब दांड्याचा ब्रश.

"मांजर कुठे ठेवलंयस?" ताईंनी विचारलं.

"कसलं मांजर?"

"मग दूध कोण पितं?"

मामाने बूट काढले. ते नीट जोडीने ठेवले. मग जरा सरळ करून पुन्हा ठेवले.

"उंदीर," तो म्हणाला.

मग सगळं बाहेर आलं. चार तारखेला खाद्याच्या गोळ्यांची पोती आली, तीच कुबट वासाची. मामाने ती नियमाप्रमाणे परत पाठवली. नवी पोती यायला तीन दिवस लागणार होते. तोवर धडधाकट प्राण्यांना त्याने उकडलेलं कडधान्य घातलं. पण हे चोवीस सुई टोचलेले, दुखणाईत. दुखणाइताला कोणी कडधान्य चारतं का? त्यांना दूधच द्यायला हवं. म्हणून त्याने घरून दूध नेऊन पाण्याच्या बाटल्यांत भरलं. नळ्या तुंबायच्या म्हणून ब्रश नेला. दूध नासेल म्हणून दिवसातून दोनदा बाटल्या घासल्या. नवी पोती आली तेव्हा उंदीर इतके छान दिसत होते की पथ्य मोडायचं त्याच्या जिवावर आलं.

"नुसतं दूध? दुसरं काहीच नाही?"

"पथ्य म्हणजे पथ्य."

"आणि रजिस्टरात काय लिहिलंस?"

मामाचे कान लाल झाले. "नेहमीप्रमाणे," तो म्हणाला. खाण्याच्या रकान्यात एकतीस वर्षं तो हाच एक शब्द लिहीत आला होता, आणि हात आपोआप तेच लिहून गेला. पहिल्या दिवशी चुकून. दुसऱ्या दिवसापासून मात्र चूक नव्हती. पहिल्या दिवसाची लाज होती. बाहेरचं खाणं प्राणिगृहात आणायला सक्त मनाई. गेल्याच वर्षी खिशात बिस्किट सापडलं म्हणून त्याने एका विद्यार्थ्याला सगळ्यांदेखत झापलं होतं.

"पण ताई, दुधानं कुठे हिवताप जातो का? मग एवढे डॉक्टर कशाला हवेत, गवळी पुरले असते."

"जातो की नाही ते मला ठाऊक नाही," ताई म्हणाल्या. "पाच तारखेपासून तिथे एक गोष्ट बदलली आणि ती त्या पोरीला ठाऊक नाही. एवढंच मला ठाऊक आहे. ती इथे बसून गेली, बाळ. ती म्हणते तिचाच तिच्यावर विश्वास राहिला नाही."

मामाने पिशवीतला ब्रश काढून टेबलावर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाला, "तेरा दिवस राहिलेत गं माझे."

ताईंनी सहीचा कागद टेबलावर त्याच्यासमोर ठेवला, वर पेपरवेट ठेवला आणि कणीक मळायला घेतली. त्या रात्री मामाने एक पोळी खाल्ली आणि हात धुतल्यावर कुठलाही विषय काढला नाही.

सकाळी ताई उठल्या तेव्हा तो निघून गेला होता. टेबलावर कागद तसाच, सहीशिवाय. ओट्यावर दुधाचं पातेलं भरलेलं, साय जशीच्या तशी धरलेली. थर्मास खुंटीला. ताईंनी सायीला चमच्याने नुसता धक्का देऊन बघितला, आणि मग त्या दिवशी कितीतरी दिवसांनी त्यांनी सकाळीच दोन कप चहा घेतला.

बैठकीत काय झालं ते मामाने संध्याकाळी सांगितलं, तेही विचारल्यावर आणि तुकड्यातुकड्याने. त्या खोलीत तो आजवर फक्त पंखा लावायला गेला होता. आज जाऊन दाराशी उभा राहिला. साहेब म्हणाले, मामा, पंखा चालू आहे. हा म्हणाला, साहेब, उंदीर दुधावर आहेत.

"कसल्या दुधावर?" साहेबांनी विचारलं.

"गाईच्या."

मग जी बोलणी बसली ती मामाने ताईंना पूर्ण सांगितलं नाही. एकतीस वर्षांचा माणूस, आणि इतक्या लोकांसमोर. ताईंनीही खोदून विचारलं नाही. पण बोलता बोलता साहेब मध्येच थांबले. छताकडे बघत बसले. मग कोणाला काही न सांगता उठून स्वतः ग्रंथालयात गेले आणि कोपराला धूळ लावून एक जुनं बाड घेऊन परत आले. असा प्रयोग फार पूर्वीच कोणीतरी करून ठेवलेला होता. हिवतापाच्या त्या जंतूला वाढायला एक विशिष्ट पदार्थ लागतो आणि तो दुधात अगदीच कमी असतो. प्राणी निव्वळ दुधावर ठेवला तर जंतू रक्तात तग धरतो, वाढत मात्र नाही. साहेबांनी हे विद्यार्थी असताना वाचलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि विसरून गेले होते. परजीवी मेलेला नव्हता. उपाशी होता.

पाणीवाल्यांपैकी तीन उंदीर लगेच गोळ्यांवर आणायचे, बाकीचं नंतर बघायचं, असं ठरलं. छोट्या बाई खुर्चीवरून उठल्या, पुन्हा बसल्या आणि तोंडावर दोन्ही हात धरून राहिल्या, जांभळी बोटं आणि सगळं. मग साहेबांनी रजिस्टर मागवलं. तेरा ओळींतला तो शब्द लाल शाईने खोडला, प्रत्येक ओळीत वर 'दूध' लिहिलं, आणि प्रत्येक ओळीखाली मामाची सही घेतली.

"तेरा सह्या," मामा म्हणाला. "पेन मध्येच संपलं. साहेबांनी त्यांचं दिलं."

"मग त्यांचं पेन परत केलंस ना?"

मामाने खिसा चाचपला. पेन खिशातच होतं. बहिणीला त्या आठवड्यात पहिल्यांदाच हसू आवरलं नाही, आणि नाइलाजाने तोही हसला.

शनिवारी, तेवीस तारखेला, तो घरी आला तो तोंड पाडून. बूट काढले आणि खुर्चीत बसून राहिला.

"चौदा नंबरच्या रक्तात जंतू दिसले," तो म्हणाला.

"म्हणजे चांगलं झालं ना?"

"झालं की. छोट्या बाई तर उड्याच मारायच्या बाकी होत्या. सगळ्यांना चहा दिला. साहेबांनीसुद्धा दोन कप घेतले."

"आणि तू?"

"मी बाटल्या धुतल्या." थोडं थांबून तो म्हणाला, "परवापर्यंत हातावर चढत होता. आज कोपऱ्यात बसलाय, अंगावरचे केस फुलवून."

"औषध देतील ना त्याला?"

"नाही गं. तो पाणीवाला."

ताईंच्या जिभेवर एक चिडवायचं वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं आणि पानं वाढायला घेतली. आपलाच नियम मोडून जेवताना त्याला विचारलं की बाकीच्या दोघांचं कसं आहे. त्याने सविस्तर सांगितलं, अगदी बोटांनी करून दाखवत, आणि त्यात दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

तीस तारखेला निरोपसमारंभ झाला. मामा त्यासाठी निळा शर्ट घालून गेला. संध्याकाळी परत आला तो एक मोठी चाकांची सूटकेस ओढत. आयुष्यात दोन रात्री कधी घराबाहेर न राहिलेल्या माणसाला सहकाऱ्यांनी ती वर्गणी काढून दिली होती.

"कुठे पाठवतायत तुला?" ताईंनी विचारलं.

"त्यांना काही तरी द्यायचं होतं गं."

साहेब पंधरा मिनिटं बोलले होते. मामांच्या वक्तशीरपणाबद्दल, हौदाबद्दल, परत गेलेल्या पाहुण्यांबद्दल. त्या गोष्टीला लोक पोट धरून हसले. प्राणी हातात कसा धरावा ते मामांकडून शिकावं, असंही म्हणाले. रजिस्टराचं नाव त्यांनी काढलं नाही. ते कपाटातच होतं. मामाने हे सांगितलं, मग शर्टाचं वरचं बटण काढलं आणि घटाघटा पाणी प्यायला.

"आणि तुझ्या छोट्या बाई? त्या काय बोलल्या?"

"त्या कुठल्या बोलतात. भाषणाला नव्हत्याच. सगळं आटोपल्यावर पळत आल्या, दोन मिनिटं. एप्रन तसाच अंगावर, बोटं जांभळी. म्हणाल्या, मामा, नवे चोवीस सोमवारी टोचतेय, खाणं मी स्वतः बघतेय. आणि गेल्या पळत."

"एवढंच?"

"एवढंच," मामा म्हणाला. पण हे सांगताना त्याचा चेहरा असा काही झाला, की आरशासमोर इतके दिवस गिरवलेलं ते हसू कधीच इतकं छान जमलं नव्हतं. ताईंना ते त्याला सांगावंसं वाटलं. मग त्यांनी सूटकेसचं हँडल धरलं, त्याने दुसरी बाजू धरली आणि दोघांनी मिळून ती कपाटावर चढवली. तिथे ती कपाटाच्या कडेबाहेर वीतभर आली, आणि ती पुढे ओढावी की मागे ढकलावी यावर दोघांचा चांगला अर्धा तास वाद झाला.

३० नोव्हेंबर, शनिवार. हवा कोरडी, सकाळी गारठा. बाळची नोकरी आज संपली. बाळ सव्वासहाला घरी आला. सूटकेस मोठ्या कपाटावर ठेवली. इस्त्रीचे कपडे आले. नऊ दिले होते, नऊच आले. त्यातला एक उशीचा अभ्रा आपला नाही.